मार्क आहेत, पण मुलाखतीत तोंड उघडत नाही! शाळेतल्या पोरांना नोकरीचं बोलणं-वागणं शिकवायचं कसं?

तालुका प्रतिनिधी :

गेल्या महिन्यात पुतण्याला घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या गेटवर गेलो होतो. पोरगं आयटीआय फिटर, दोन वर्षं पूर्ण, मार्क चांगले. सकाळी डेअरीला दूध घालून मोटरसायकलवर ४० किलोमीटर गेलो. सोबत फाईल, फाईलीत प्रत्येक मार्कशीटच्या तीन-तीन झेरॉक्स. मी पण त्याच्या मागोमाग आत निघालो, तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काका, तुम्ही इथंच थांबा. नोकरी त्याला करायचीय ना?" मी गुमान समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

वीस मिनिटांत पोरगं बाहेर आलं. तोंड उतरलेलं. येताना रस्त्यात एक शब्द बोललं नाही. घराजवळ आल्यावर म्हणालं, "तात्या, उत्तरं येत होती, पण तोंडातून निघाली नाहीत."

तीनच प्रश्न विचारले होते, तेही मराठीत. स्वतःबद्दल दोन मिनिटं सांगा. मशीन मध्येच बंद पडलं आणि सुपरवायझर जागेवर नाही, तर काय कराल? उद्या सुट्टी पाहिजे असेल तर कुणाला, कसं सांगाल? पहिल्याला नाव, गाव आणि शिक्षण सांगून गप्प बसला. दुसऱ्याला "सरांना विचारीन" म्हणाला. साहेब म्हणाले, सर नाहीत हे सांगितलंय ना मी. तिसऱ्याला खाली बघत राहिला.

आता गंमत बघा. याच पोरानं रब्बीत कांद्याला पाणी भरताना रात्री दोन वाजता काय केलं होतं ते सांगतो. मोटर चालू होईना, स्टार्टर पडायचा. मी घरी झोपलेलो. त्यानं बघितलं, तीन फेजपैकी एक गेलेला. दोन फेजवर मोटर चालवली तर जळते, हे त्याला माहीत. त्यानं मेन स्विच बंद केला, शेजारच्या बांधावर ज्यांची पाळी होती त्यांना आवाज देऊन "तुम्ही पण चालू करू नका" म्हणून सांगितलं, लाईनमनला फोन लावला आणि सकाळी मला सगळं सांगितलं. कंपनीच्या साहेबानं विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं हेच तर उत्तर होतं! पण हे उत्तर असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. शेतातलं काम म्हणजे काम, आणि मुलाखतीतलं उत्तर म्हणजे पुस्तकातलं काहीतरी, अशी त्याची समजूत.

आणि तिसऱ्या प्रश्नाचा दोष माझ्याकडं येतो. हा पोरगा पाचवीपासून आमच्याकडं शिकायला. त्याच्या रजेचा अर्ज मी लिहिला. बँकेत खातं उघडताना साहेबाशी मी बोललो. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला विचारलं, "काय होतंय?" तर "पोटात दुखतंय त्याच्या" असं मी सांगितलं. आयटीआयच्या ॲडमिशनला सगळ्या खिडक्यांवर मी उभा. वयाच्या १९व्या वर्षी पहिल्यांदा एका अनोळखी माणसापुढं तो एकटा बसला, तो थेट मुलाखतीलाच.

म्हणून हा विषय घेतला. दहावी-बारावीचे निकाल आपण लावतो, फोटो छापतो. पण पुढं जिथं पगार ठरतो तिथं आपली पोरं कुठं अडकतात, यावर फार कोणी लिहीत नाही.

सॉफ्ट स्किल म्हणजे नेमकं काय?

नाव इंग्रजी असल्यानं आपल्याला वाटतं टाय घालून इंग्रजीत बोलणं. तसं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर समोरच्याचं नीट ऐकणं, आपलं म्हणणं थोडक्यात मांडणं, वेळ पाळणं, चार जणांत मिळून काम करणं, चूक झाली तर लपवण्याऐवजी वेळेत सांगणं, अडचण आली तर आधी स्वतः विचार करणं आणि हिशोब चोख ठेवणं. वेल्डिंग, टायपिंग, टॅली ही हाताची कौशल्यं झाली. ती शिकवायला क्लास आहेत. ही दुसरी कौशल्यं मात्र वागण्यात असतात, त्यामुळं ती वागूनच येतात.

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांच्या भिंतीवर 'दहा जीवन कौशल्ये' रंगवलेली असतात. पुढच्या वेळी शाळेत गेलात तर थांबून वाचा. स्व-जाणीव, समानानुभूती, समस्या निराकरण, निर्णयक्षमता, परिणामकारक संप्रेषण, चिकित्सक विचार, ताणतणावाचे समायोजन वगैरे. हीच ती सॉफ्ट स्किल्स. शब्द इतके जड आहेत की पोरं रोज त्याखालून पाणी प्यायला जातात आणि एकालाही अर्थ सांगता येत नाही. एका शाळेत मी सातवीच्या पोराला विचारलं, समानानुभूती म्हणजे काय रे? तो म्हणाला, सर, ते रंगवणाऱ्या पेंटरला माहीत असेल.

आयटीआयला तर 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषयच आहे. आमचा पुतण्या त्यात पास झालाय. पेपर लिहून.

आधी इंग्रजीची भीती बाजूला ठेवा

तालुक्याच्या ठिकाणी स्पोकन इंग्लिश आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे बोर्ड दिसतात. इंग्रजी यावं, त्यात वादच नाही. कंपनीतल्या मशीनवरच्या सूचना, कॉम्प्युटर, ईमेल सगळं त्यात असतं. पण ज्या पोराला मराठीत स्वतःबद्दल चार वाक्यं सांगता येत नाहीत, त्याला इंग्रजीत कुठून सांगता येणार? आधी घरच्या भाषेत बोलण्याचं धाडस यायला पाहिजे.

घरची भाषा म्हणजे घरचीच. "न्हाई", "व्हय", "आलतो", "गेलतो" म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसलं की त्याचं तोंड कायमचं बंद होतं. मी स्वतः हे भोगलंय. सहावीत असताना मी उभा राहून "म्या केलं" म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. गुरुजी पण हसले. त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात आपणहून हात वर केला नाही. आज बातम्या लिहून पोट भरतोय, पण माईकसमोर उभं राहायचं म्हटलं की अजून तळहाताला घाम येतो. प्रमाण मराठी शिकवावीच लागते, पण पोरगं बोललं की मग हळूच "असंही म्हणतात" म्हणून सांगावं. बोलत असताना मध्ये तोडू नये.

परिपाठ : रोजची फुकटची संधी

शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, सुविचार, बातम्या, दिनविशेष, बोधकथा. म्हणजे पोरांना चार माणसांपुढं उभं राहून बोलायची संधी रोज मिळते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पण होतं काय? ठरलेली पाच-सहा हुशार पोरं बोलतात, त्यातही बहुतेक कागदावरचं वाचतात. बाकीची पोरं ओळीत उभी राहून पुढच्याच्या शर्टाची शिलाई मोजतात. पाहुणे येणार असले तर आणखीच ठरलेली पोरं पुढं.

यात दोन बदल केले तरी खूप फरक पडेल. एक, पाळी हजेरी क्रमांकानं लावायची, कोणालाही सुटका नाही. दोन, आठवड्यातून दोन दिवस कागद न घेता बोलायचं. विषय साधा. काल मी काय पाहिलं, आमच्या म्हशीला काय झालं, यात्रेत आमचं काय हरवलं, एसटी चुकली तेव्हा मी काय केलं. दोन मिनिटं पुरे. अडखळलं तर अडखळू द्यावं. बोलणं झाल्यावर बाकीच्यांपैकी एकानं एक प्रश्न विचारायचा, म्हणजे ऐकण्याची पण सवय लागते. प्रश्न विचारायचा असेल तर ऐकावंच लागतं.

गुरुजींवर कामाचा भार किती आहे ते मला माहीत आहे. ऑनलाईन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. त्यामुळं आणखी एक नवीन उपक्रम त्यांच्या डोक्यावर टाका, असं मी म्हणत नाही. परिपाठ होतोच आहे, फक्त बोलणारं पोरगं बदला.

आनंद बाजारात धंदा कोण करतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिवाळ्यात शाळाशाळांत बाल आनंद मेळावा भरतो, काही ठिकाणी त्याला आनंद बाजार किंवा आठवडे बाजार म्हणतात. पोरं भाजी, भेळ, वडापाव, इडली, बोरं, चिंचा विकतात. गावातली माणसं येतात, सरपंच फीत कापतात, दोन तासांत सगळं संपतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते, "चिमुकल्यांच्या बाजारात हजारोंची उलाढाल". ही बातमी मी दरवर्षी लिहितो. कबूल करतो, एकाही वर्षी मी कुठल्या पोराला विचारलं नाही की बाळा, भांडवल किती होतं?

गेल्या बाजारात जरा बाजूला उभं राहून बघितलं. भेळ आईनं कालवली होती. प्लेटी आई भरत होती. पैसे वडील घेत होते, सुट्टे वडील देत होते. पोरगं शेजारी नवा ड्रेस घालून उभं, फोटोसाठी. बारा-तेरा वर्षाचं पोरगं, सुट्ट्या पैशाचा हिशोब त्याला येत होता, पण वडिलांना घाई.

समजा हाच स्टॉल पूर्ण पोराच्या हाती दिला. चुरमुरे १२० रुपयांचे, फरसाण १६०, कागदी प्लेटी ४०. झाले ३२० रुपये. विक्री ४१० ची झाली. पोरगं उड्या मारत सांगतं, ९० रुपये नफा! आता त्याला बसवून विचारायचं, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि शेंगदाणे कुठून आले? घरचे. बाजारात त्याला किती पडले असते? शंभर तरी. मग नफा झाला की १० रुपये तोटा? पोरगं गप्प होतं आणि विचार करायला लागतं. आणि आईनं सकाळी दोन तास घातले ते? त्याचे पैसे तर अजून धरलेलेच नाहीत.

खरं सांगायचं तर हा प्रश्न पोरापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. कांद्याची पट्टी आली की हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून उरलेला आकडा आपण नफा समजतो. घरच्या चार माणसांची चार महिन्यांची मजुरी कोण धरतं? असो, तो वेगळा विषय आहे.

तर बाजार भरवताना शाळेनं एवढंच करावं. आठ दिवस आधी पोरांचे तीन-चार जणांचे गट पाडायचे. काय विकायचं, किती आणायचं, भाव काय लावायचा हे गटानं ठरवायचं आणि वहीत लिहायचं. भांडवल कुणाकडून घेतलं तेही लिहायचं, कारण ते परत करायचंय. बाजाराच्या दिवशी पालकांनी टेबलाच्या आतल्या बाजूला यायचं नाही. गिऱ्हाईक म्हणून खुशाल यावं, घासाघीस करावी. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येक गटानं उभं राहून हिशोब सांगायचा. काय उरलं, का उरलं, भांडण कशावरून झालं. भांडण होणारच. एक जण पळून खेळायला गेलेला असतो, एकानं मित्राला फुकट भेळ दिलेली असते. टीमवर्क म्हणून कंपनीवाले जे विचारतात ते याच भांडणातून शिकायचं असतं.

माल वाया गेला तरी चालेल. शंभर-दीडशे रुपयांत हा धडा महाग नाही.

घरातली शाळा : डेअरीची पावती

माझी पोरगी नववीला आहे. मध्यंतरी आमच्या दुधाचं फॅट सलग कमी लागायला लागलं. फॅट कमी म्हणजे दर कमी. नेहमीप्रमाणं मी तणतणत डेअरीवर निघालो होतो, पण पुतण्याचा प्रसंग ताजा होता. पोरीला म्हटलं, तू जा आणि विचारून ये.

ती गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "ते म्हणतात वडिलांना पाठव." माझा पाय चपलेत गेलाच होता. पण थांबलो. म्हटलं, मागच्या आठ दिवसांच्या पावत्या घे, तारखेप्रमाणं लाव, कोणत्या दिवसापासून उतरलं ते बघ आणि परत जा. तिनं पावत्या लावल्या. फॅट, एसएनएफ, लिटर असं वहीत लिहिलं आणि पुन्हा गेली. या वेळी अर्ध्या तासानं आली. डेअरीवाल्यानं तिच्यासमोर सॅम्पल परत लावून दाखवलं, तेवढंच लागलं. मग त्यानंच विचारलं, चारा बदललाय का? आणि पोरीनं सांगितलं, हो, आठ दिवसांपासून नुसती हिरवी मका चालू आहे, कडबा संपलाय. वाळला चारा कमी झाला की फॅट उतरतं, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. दोष डेअरीचा निघाला नाही, माझाच निघाला. मी गेलो असतो तर भांडून आलो असतो.

या अर्ध्या तासात तिनं काय काय केलं बघा. माहिती गोळा केली, अनोळखी मोठ्या माणसापुढं मुद्दा मांडला, एकदा परत पाठवल्यावर पुन्हा गेली, समोरच्याचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन बापाला बापाचीच चूक सांगितली. शेवटचं सगळ्यात अवघड असावं.

मुलींबद्दल एक जास्तीचं सांगतो. घरातली कामं मुलींना भरपूर असतात. स्वयंपाक, धुणं, लहान भावंडं. पण बाहेरचा व्यवहार पोराकडं. बँकेत पोरगा, कृषी सेवा केंद्रात पोरगा, पंचायतीत पोरगा. मग मुलगी बारावीला पोरापेक्षा जास्त मार्क घेते आणि मुलाखतीत मात्र आवाज फुटत नाही. तिला पण पासबुक भरायला पाठवा, खताचा भाव विचारायला पाठवा, दाखला काढायला ग्रामपंचायतीत पाठवा.

इथं एक खबरदारी. शिकण्यासाठी जबाबदारी देणं वेगळं आणि कामाला जुंपणं वेगळं. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत चालते, पण धोक्याचं काम तिथंही नाही. त्यामुळं औषध फवारणी, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर यापासून पोरं लांबच ठेवा. कांदा काढायला माणूस मिळत नाही म्हणून पोराची शाळा बुडवली तर त्यात कौशल्य वगैरे काही नाही, ती आपली सोय आहे.

मोबाईलचा असाही उपयोग

मोबाईल घरोघरी आहे, पोरं रील बघण्यात पटाईत आहेत. पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. "हॅलो, कोण?" एवढंच. कंपनीतून फोन आला तर पहिली छाप इथंच पडते. पोराला सांगा, खताच्या दुकानात फोन करून अमुक खताची गोणी आहे का, भाव काय, दुकान कधी उघडतं एवढं विचार. सुरुवातीला स्वतःचं नाव आणि गाव सांगायचं, शेवटी आभार मानायचे. फोन ठेवल्यावर काय समजलं ते आपल्याला सांगायचं.

दुसरं, कॅमेरा. "माझ्याबद्दल दोन मिनिटं" असा व्हिडिओ पोरानं स्वतःच काढायचा आणि स्वतःच बघायचा. कोणाला पाठवायचा नाही, स्टेटसला ठेवायचा नाही. आमच्या पुतण्यानं पहिला व्हिडिओ काढला तो ३८ सेकंदांत संपला आणि त्यात अकरा वेळा "म्हणजे" होतं. त्यानंच मोजले.

तिसरं, लिहिणं. रजेचा अर्ज, व्हॉट्सॲपवर सरांना पाठवायचा मेसेज. "सर उद्या येणार नाही" आणि "सर, उद्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी गावाला जायचंय, परवा हजर राहीन, बुडालेला अभ्यास मित्राकडून घेईन" यात जो फरक आहे तोच कंपनीतल्या तिसऱ्या प्रश्नात होता.

शाळेत याचा काही अधिकृत विषय आहे का?

आहे. समग्र शिक्षा अभियानातून काही निवडक माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो. ऑटोमोटिव्ह, रिटेल, शेती, आरोग्यसेवा, आयटी, ब्युटी अँड वेलनेस, मल्टी स्किल असे प्रकार असतात, शाळेनुसार वेगळे. भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेनं नववी-दहावीसाठी केलेल्या या पुस्तकांत धंद्याच्या भागासोबत रोजगारक्षमतेचा वेगळा भाग आहे. त्यात संवाद, स्वतःचं व्यवस्थापन, कॉम्प्युटर, उद्योजकता आणि पर्यावरणाची कौशल्यं असे पाच घटक. कागदावर चांगलं आहे. प्रात्यक्षिक होतं का, साहित्य कपाटात कुलूपबंद आहे का, कंपनी किंवा वर्कशॉपची भेट झाली का, हे पालकांनी विचारायला पाहिजे. विषय निवडण्याआधी तो कोणत्या विषयाऐवजी येतो आणि पुढं अकरावी, आयटीआय, डिप्लोमाला त्याचं काय होतं, हे मुख्याध्यापकांकडून समजून घ्या. नंतर धावपळ नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत. त्या दिवसांत पोरांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडं जाऊन शिकायचं. आपल्या गावात सुतार आहेत, वेल्डर आहेत, मोटर रिवायंडिंगवाले आहेत, गवंडी आहेत, शिवणकाम करणाऱ्या ताया आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. मग त्या बैठकीत नुसत्या सह्या करून चहा पिऊन यायचं कशाला? हे दहा दिवस आपल्या शाळेत कधी होणार, एवढा एक प्रश्न विचारा.

हे काही नवीन खूळ नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं 'कमवा व शिका' हा मार्ग गोरगरिबांच्या पोरांना दिला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची नई तालीम मांडली. आणि आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर शिरूर तालुक्यातलं पाबळ. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी शाळेसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय बसवला आणि बोर्डानंही त्याला मान्यता दिली. पोरं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच कारागीर. आणि यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे केलेलं काम गावाला सेवा म्हणून द्यायचं. नुसता सराव करून मोडीत टाकायचं नाही. शाळेच्या बाकाला वेल्डिंग केलं आणि बाक मोडला तर बसणारा येऊन बोलणारच. पोराला गिऱ्हाईक काय असतं ते तिथं कळतं.

शालेय मंत्रिमंडळाचं पण तसंच. निवडणूक होते, शपथ होते, फोटो होतो, नंतर आरोग्यमंत्री काय करतो कोणाला माहीत नसतं. पाण्याच्या टाकीचा नळ गळतोय तर ग्रामपंचायतीला अर्ज त्या मंत्र्यानं लिहावा, ग्रामसेवकांकडं त्यानं जावं आणि काय झालं ते शनिवारी सगळ्यांपुढं सांगावं. नाही झालं तर नाही झालं म्हणून सांगावं.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

शेवटी एक सूचना. या विषयाची गरज वाढली तसे गावोगावी शिबिरंवाले फिरायला लागलेत. तीन दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास, शंभर टक्के नोकरीची हमी, आधी फी भरा. तीन दिवसांत कोणाचं व्यक्तिमत्त्व बदलत नाही आणि नोकरीची हमी देणारा पावती देत नाही. ॲप्रेंटिसशिपची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, त्यासाठी एजंटाची गरज नाही. तुमच्या आयटीआयमध्ये किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रात जाऊन विचारा. आणि विचारायला पोरालाच पाठवा.

पुतण्याचं पुढं काय झालं, असं विचाराल. घरी रोज जेवणानंतर त्याची मुलाखत चालते. साहेब म्हणून त्याची चुलती खुर्चीवर बसते आणि ती माझ्यापेक्षा कडक प्रश्न विचारते. स्टार्टरची गोष्ट आता तो दीड मिनिटात नीट सांगतो. येत्या गुरुवारी दुसऱ्या एका कंपनीत बोलावलंय. सकाळी सातच्या एसटीनं एकटाच जाणार आहे. मी दूध घालायला डेअरीवर असेन.